तिची जबानी : गुन्हेगारीवरील मराठी चित्रपट, स्त्री आणि आपण डॉक्टर

गेल्या दिवाळीपासून आमच्या घरात कोरियन चित्रपटांची साथ आली आहे. वैद्यकीच्या दुसऱ्या वर्षात शिकणारी नात सुट्टीला संकेश्वरी आली, की रात्रीची जेवणे आटोपल्यावर तिचा संगणक दिवाणखान्यात मांडला जातो आणि आम्ही म्हातारा-म्हातारी तिच्या शेजारी बसून, भाषेचे अक्षरही कळत नसताना, खाली धावणाऱ्या इंग्रजी ओळी वाचत खुनाचे धागे उलगडू लागतो. साथीचा पहिला रुग्ण मी नव्हतो. परंतु सर्वांत जास्त दिवस आजारी मीच राहिलो, हे कबूल केले पाहिजे.

पहिला चित्रपट पाहिला तो बोंग जून-हो यांचा 'मेमरीज ऑफ मर्डर' (२००३). दक्षिण कोरियातील ह्वासाँग परिसरात १९८६ ते १९९१ या काळात झालेल्या स्त्रियांच्या हत्यांवर तो बेतलेला आहे. यात स्त्री येते ती बहुतांशी शेताच्या बांधावर सापडलेल्या मृतदेहाच्या रूपात. तपास करणारे, भांडणारे, चुकणारे सारे पुरुष. मात्र खुनाच्या रात्री आकाशवाणीवर एकच गाणे मागितले जाते, ही बारीक गोष्ट लक्षात येते ती ठाण्यातील एका कनिष्ठ महिला पोलिसाच्या. (प्रत्यक्षातील गुन्हेगाराची ओळख जनुकीय चाचणीने २०१९ मध्ये पटली आणि यातील एका खुनासाठी सुमारे वीस वर्षे तुरुंगात काढलेला एक निरपराध माणूस २०२० मध्ये निर्दोष ठरला, हेही आपल्या पेशाने ध्यानात ठेवण्याजोगे आहे.) त्याच दिग्दर्शकाच्या 'मदर' (२००९) मध्ये केंद्रस्थानी आहे ती जडीबुटी विकणारी आणि परवान्याविना चोरून सुया टोचून उपचार करणारी एक आई. मतिमंद मुलावर खुनाचा आळ येतो आणि ही बाई स्वतःच तपासाला निघते. पुढे पार्क चान-वूक यांच्या 'डिसिजन टू लीव्ह' (२०२२) मधील संशयित स्त्री चिनी आहे. तिला कोरियन भाषा बेताचीच येते आणि मनातले नेमके सांगायचे झाले, की ती भ्रमणध्वनीवरील भाषांतराचा आधार घेते. तिच्या बोलण्याचा खरा अर्थ काय, याच प्रश्नाभोवती पोलीस अधिकारी घुटमळत राहतो. अवघ्या वीस वर्षांत त्या चित्रपटसृष्टीतील स्त्री मृतदेहापासून जबानीपर्यंत येऊन पोहोचली.

तिसरा चित्रपट संपल्यावर नातीने विचारले, "आजोबा, आपल्या मराठी खुनाच्या सिनेमांत बाई काय करते हो?" मी सवयीने उत्तर देऊ गेलो आणि थबकलो. त्या थबकण्यातून प्रस्तुत लेख जन्माला आला आहे. चित्रपटसमीक्षा हा माझा प्रांत नव्हे. परंतु कोल्हापूरच्या चित्रपटगृहांत, निपाणी-गडहिंग्लजच्या थिएटरांत आणि यात्रेतल्या तंबूत बसून पाहिलेले चित्रपट आणि चाळीस वर्षांहून अधिक काळ तपासलेले रुग्ण यांचा एकमेकांशी काही संबंध आहे, असे मला अलीकडे प्रकर्षाने वाटू लागले आहे.

आरोपीच्या पिंजऱ्यातील स्त्री

आरंभ करावा लागतो तो 'माणूस'पासून. प्रभातचा, व्ही. शांताराम दिग्दर्शित हा चित्रपट १९३९ चा. शाहू मोडक यांचा साधाभोळा पोलीस शिपाई गणपत आणि शांता हुबळीकर यांची वेश्यावस्तीतील मैना. हुबळीकर हे नावच सांगते की ही गुणी अभिनेत्री आपल्याच बाजूच्या कन्नड मुलखातून आलेली. मैनेच्या हातून तिला छळणाऱ्या नात्यातल्या दुष्ट माणसाचा खून होतो. गणपत तिला तुरुंगातून सोडवून न्यायला तयार होतो, पण ती नकार देते. त्या काळाच्या मानाने ही केवढी धीट कल्पना! वेश्या ही दया करण्याजोगी वस्तू नसून स्वतःच्या कृत्याची जबाबदारी घेणारी व्यक्ती आहे, असे चित्रपट सुचवतो. तरीही तिच्या वाट्याला शेवटी येतात ते तुरुंगाचे गजच, आणि कथा पुढे चालते ती शिपायाची.

पंचवीस वर्षांनी राजा परांजपे यांचा 'पाठलाग' (१९६४) आला. जयंत देवकुळे यांच्या कादंबरीवरील या रहस्यपटातील नायक डॉ. काशीनाथ घाणेकर हे पेशाने दंतवैद्य, म्हणजे आपल्याच बिरादरीतले. कायद्याच्या पेशातील एका माणसाची पत्नी मरण पावते, आणि नंतर दरोड्याच्या गुन्ह्यातील एक स्त्री न्यायालयात उभी राहून 'मीच याची पत्नी' असे सांगू लागते. हाच चित्रपट पुढे राज खोसला यांनी हिंदीत 'मेरा साया' (१९६६) या नावाने केला. रहस्य न फोडता एवढेच म्हणतो, की या चित्रपटाचा सारा ताण एकाच प्रश्नावर उभा आहे : पिंजऱ्यातील बाईच्या बोलण्यावर विश्वास ठेवायचा की नाही? ती संसारातील खाजगी खुणा सांगते. ज्याने निर्णय करायचा तो पुरुष मात्र संशयात बुडालेला.

दहा सेकंदांची मुदत

या प्रश्नाचे सर्वांत भेदक उत्तर मराठी रंगभूमीने दिले. विजय तेंडुलकरांचे 'शांतता! कोर्ट चालू आहे' हे नाटक १९६७ मध्ये 'रंगायन'ने रंगमंचावर आणले; सत्यदेव दुबे यांनी १९७१ मध्ये त्यावर चित्रपट केला. दोन्हींत लीला बेणारे साकारली सुलभा देशपांडे यांनी. हौशी नाटकमंडळी वेळ घालवायला म्हणून अभिरूप न्यायालयाचा खेळ मांडतात आणि अविवाहित शिक्षिका बेणारेबाईंवर भ्रूणहत्येचा आरोप ठेवतात. खेळ हळूहळू खरा होतो. तिच्याजवळ टिक-२० ची बाटली होती, हा पुरावा म्हणून पुढे येतो. आपल्या पिढीतील डॉक्टरांना त्या बाटलीचा वास वेगळा सांगायला नको. अखेरीस आरोपीला बोलायला दहा सेकंदांची मुदत मिळते. ती बोलते, जन्मभराचे साठलेले बोलते. परंतु रंगमंचावरील इतर सारे त्या वेळी थिजून बसलेले असतात. प्रेक्षक ऐकतात, न्यायालय ऐकत नाही. मुदत संपते आणि आरोपीला काहीच सांगायचे नाही, असे गृहीत धरून निकाल दिला जातो. भ्रूणहत्येचा आरोप ठेवणारेच तिच्या पोटातील गर्भ नष्ट करण्याची शिक्षा फर्मावतात.

ज्या १९७१ साली हा चित्रपट निघाला, त्याच साली संसदेने वैद्यकीय गर्भपाताचा कायदा संमत केला. त्या मूळ कायद्यात गर्भनिरोधक साधन निरुपयोगी ठरल्याचे कारण मान्य होते ते फक्त विवाहित स्त्रीसाठी. बेणारेबाईंना त्या कलमात जागा नव्हती. ती जागा मिळायला पन्नास वर्षे लागली. २०२१ च्या दुरुस्तीने 'विवाहित स्त्री व तिचा पती' या शब्दांऐवजी 'स्त्री व तिचा जोडीदार' असे शब्द आले, आणि सप्टेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चोवीस आठवड्यांपर्यंतच्या मुदतीच्या बाबतीतही अविवाहित स्त्रीला वेगळे काढता येणार नाही, असा निर्वाळा दिला.

एक कबुली

इथे एक जुनी गोष्ट सांगणे मला भाग आहे. १९७९ च्या सुमारास मी एका सरकारी रुग्णालयात नवशिका डॉक्टर म्हणून काम करीत होतो. एका रात्री बाविशीची एक विवाहिता भाजलेल्या अवस्थेत आली. सोबत नवरा आणि सासू. स्टोव्हचा भडका उडाला, असे सासूने सांगितले. मुलगी शुद्धीवर होती. माहेर महाराष्ट्रातले, सासर इकडचे. ती मराठी बोलत होती. मी जखमांवर औषध लावत असताना ती हळूच म्हणाली, "डॉक्टर, ह्यास्नी जरा भायेर घाला की." मी घातले नाही. वॉर्डात गर्दी होती, सलाईन लावायचे होते, आणि खरे सांगायचे तर मला भीती वाटली. नोंदवहीत मी सासूचे शब्द इंग्रजीत लिहिले : अपघाताने भाजणे, स्टोव्हचा स्फोट. हवालदाराने माझ्या कागदावरून कन्नडमध्ये पंचनाम्याला जोड दिली. तिसऱ्या दिवशी ती गेली. कागदावर तीन माणसांचे शब्द दोन भाषांत उतरले होते. त्यांत तिचा एकही नव्हता.

स्टोव्ह भडकला तर पदर आणि हात पेटतात. केसांच्या मुळांत रॉकेल मुरत नाही. तिच्या केसांना रॉकेलचा दर्प होता. मला तो आला होता. मी तो लिहिला नाही. त्या घरात काय घडले, हे मला आजही ठाऊक नाही, आणि कोणावर आरोप करण्याचा अधिकारही मला नाही. परंतु तिची दहा सेकंदांची मुदत माझ्यासमोर संपली आणि मी त्या खेळातल्या पात्रांप्रमाणे थिजून उभा राहिलो, एवढे मात्र खरे. 'शांतता!' मी त्यापूर्वी दोनदा पाहिले होते. तिसऱ्यांदा पाहण्याचे धैर्य मला पुष्कळ वर्षे झाले नाही.

१९८२ : निपाणीच्या बायका बोलू लागल्या

त्यानंतर तीनच वर्षांनी, आपल्यापासून हाकेच्या अंतरावर, एक फारशी न गाजलेली घटना घडली. दीपा धनराज आणि त्यांच्या 'युगांतर' या स्त्रियांच्या चित्रपटगटाने निपाणीच्या तंबाखू कारखान्यांतील कामगार स्त्रियांसमवेत 'तंबाखू चाकिला ऊब आली' (१९८२) हा मराठी माहितीपट केला. हा गुन्हेपट नव्हे. पण कामाचे तास, तुटपुंजी मजुरी, कारखान्यातील जाच आणि संघटनेची धडपड यांची हकीकत यात निपाणीच्या बायका स्वतःच्या तोंडाने, स्वतःच्या बोलीत सांगतात. कोणी त्यांच्या वतीने बोलत नाही. तंबाखूच्या धुरळ्याने खोकत येणाऱ्या या बायकांना आपण सर्वांनी तपासले आहे, औषधे लिहून दिली आहेत. त्या इतके आणि असे बोलू शकतात, हे मला मात्र पडद्यावर पाहून कळले.

योगायोग असा, की त्याच १९८२ साली डॉ. जब्बार पटेल यांचा 'उंबरठा' आला. शांता निसळ यांच्या 'बेघर' कादंबरीवरील या चित्रपटात स्मिता पाटील यांची सुलभा महाजन घरदार सोडून महिला सुधारगृहाची अधीक्षिका होते आणि तेथील स्त्रियांना बाहेरचे वजनदार लोक कसे वापरतात, हे तिच्या लक्षात येते. ज्यांना समाज 'बिघडलेल्या' म्हणतो, त्यांचे ऐकून घेणारी एक स्त्री प्रथमच अधिकाराच्या खुर्चीवर बसलेली दिसली. खुर्ची तिला टिकवता आली नाही, ही गोष्ट वेगळी.

कायदाही त्याच सुमारास हलला. चंद्रपूर जिल्ह्यातील मथुरा या आदिवासी मुलीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने दिलेल्या निकालावर देशभर क्षोभ उसळला आणि १९८३ मध्ये बलात्काराच्या कायद्यात महत्त्वाचे बदल झाले. त्याच वर्षी पती व सासरच्यांकडून होणाऱ्या क्रूरतेचे कलम ४९८-अ आले. १९८६ मध्ये हुंडाबळीचे ३०४-ब आले. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ही कलमे अनुक्रमे ८५ आणि ८० या क्रमांकांनी आहेत.

नव्या शतकाच्या उंबरठ्यावर

चंद्रकांत कुलकर्णी यांचा 'बिनधास्त' (१९९९) आठवतो का? शर्वरी जमेनीस आणि गौतमी गाडगीळ यांच्या मैत्रिणी खुनाच्या प्रकरणात अडकतात आणि साऱ्या प्रमुख भूमिका स्त्रियांच्या. संशयित स्त्री, शोधणारी स्त्री, मदत करणारीही स्त्री. प्रियदर्शन यांना ही कल्पना इतकी भावली, की त्यांनी ती तमिळमध्ये नेली. चित्रपट करमणुकीचाच होता. पण बाईला बुद्धी असते आणि ती गुन्ह्याचा छडा लावण्यासाठी वापरता येते, ही साधी गोष्ट त्याने गाजावाजा न करता मांडली.

राजीव पाटील यांचा 'जोगवा' (२००९) तर आपल्या अंगणातला. गडहिंग्लज परिसरातील राजन गवस यांच्या 'चौंडकं' व 'भंडारभोग' या कादंबऱ्या आणि चारुता सागर यांची कथा यांवर तो आधारलेला आहे. मुक्ता बर्वे यांची सुली केसांतल्या जटेपायी देवीला सोडली जाते. सौंदत्तीच्या डोंगराकडे जाणाऱ्या वाटेवर राहणाऱ्या आपणास हे नवे नाही. कर्नाटकाने देवदासी समर्पणाला १९८२ च्याच कायद्याने गुन्हा ठरवले, पण या गुन्ह्यात फिर्यादी कोण आणि आरोपी कोण? आईबाप भाविक, गाव भाविक आणि मुलगी मुकी. जट म्हणजे न विंचरलेल्या केसांचा घट्ट गुंता, एवढे सांगायला वैद्यकीची पदवीही लागत नाही. तरी आपल्यापैकी किती जणांनी दवाखान्यात आलेल्या मुलीच्या आईला हे सांगितले असेल?

नागराज मंजुळे यांच्या 'सैराट'मधील (२०१६) आर्ची बुलेट चालवते म्हणून तरुणांनी टाळ्या वाजवल्या. मला मात्र आठवतो तो पोलीस ठाण्यातला प्रसंग. वडिलांच्या दबावाने परश्या आणि त्याच्या मित्रांविरुद्ध खोटी तक्रार उभी केली जाते आणि ही मुलगी भर ठाण्यात, बापासमोर, ती नाकारते. आपण आपल्या मर्जीने गेलो, असे ठणकावून सांगते. बेणारेबाईंना जे मिळाले नाही ते आर्चीने हिसकावून घेतले. त्याची किंमत शेवटी काय मोजावी लागली, हे सर्वांना ठाऊक आहे.

चैतन्य ताम्हाणे यांचा 'कोर्ट' (२०१४) याहून शांत आणि म्हणून अधिक अस्वस्थ करणारा. येथे सरकारी वकीलच स्त्री आहे. गीतांजली कुलकर्णी यांची ही वकीलबाई न्यायालयात एका लोकशाहिराविरुद्ध कलमांमागून कलमे वाचते आणि संध्याकाळी लोकलने घरी जाऊन स्वयंपाकाला लागते. ती दुष्ट नाही. ती आपल्यासारखीच नेमून दिलेले काम करणारी आहे. दुसरी स्त्री आहे गटारात मेलेल्या सफाई कामगाराची विधवा. ती साक्षीला येते आणि नवरा गटारात उतरण्यापूर्वी झुरळे आहेत का हे पाहत असे, त्यावरून आत जीव तगेल की नाही हे ठरवीत असे, एवढे दोन-चार वाक्यांत सांगते. आत्महत्येचा सारा बनाव त्या साध्या वाक्यांपुढे लटका पडतो. तिला जे विचारले गेले, ते तिने सांगितले. विचारले गेले, हे महत्त्वाचे.

आता पिंजऱ्यात कोण?

अजित वाडीकर यांचा 'वाय' (२०२२) हा आपल्या संघटनेने एकत्र बसून पाहावा असा चित्रपट आहे. 'जोगवा'तली मुकी सुली साकारणाऱ्या मुक्ता बर्वेच येथे कन्याभ्रूणहत्येविरुद्ध उभ्या राहणाऱ्या डॉक्टर झाल्या आहेत. स्त्री आता तपास करते आहे, आणि संशय आहे तो आपल्या पेशावर.

हा संशय निराधार म्हणता येईल का? गर्भलिंगनिदानाविरुद्ध देशातील पहिला कायदा महाराष्ट्राने १९८८ मध्ये केला, केंद्राचा १९९४ मध्ये आला. तरीही २००१ च्या जनगणनेत कोल्हापूर जिल्ह्यात सहा वर्षांखालील दर हजार मुलग्यांमागे मुली होत्या अवघ्या ८३९. मार्च २०१७ मध्ये कर्नाटकाच्या सीमेला लागून असलेल्या म्हैसाळ येथे एका विवाहितेचा गर्भपातात मृत्यू झाला आणि त्यापाठोपाठ ओढ्याकाठी पुरलेले १९ भ्रूण सापडले. राज्याची सीमा ओलांडली, की प्रश्न विचारणारे कोणी भेटत नाही, हा समज आपल्या भागात किती रुजला आहे, हे आपण जाणतो. बेणारेबाईंच्या खेळात भ्रूणहत्येची आरोपी स्त्री होती; म्हैसाळच्या वेळी पहिला प्रश्न दवाखान्याला विचारला गेला. पन्नास वर्षांत पिंजऱ्यातले माणूस बदलले, ते असे.

म्हणून नातीला मी जे उत्तर दिले, तेच या स्मरणिकेच्या वाचकांपुढे ठेवतो. मराठी चित्रपटातील स्त्री आधी आरोपी होती, मग साक्षीदार झाली, मग वकील आणि तपास करणारी झाली. पण तिच्या बोलण्याला किंमत आली ती कोणीतरी विचारले आणि ऐकले तेव्हाच. पडद्यावर हे काम दिग्दर्शक करतो. रात्री दोन वाजता अपघात विभागात ते आपल्याला करावे लागते. पोलीस, वकील आणि न्यायाधीश यांच्याही आधी.

त्यासाठी फार मोठे शौर्य लागत नाही. नातेवाइकांना बाहेर पाठवावे. तिला एकटीला विचारावे. ती जे बोलेल ते तिच्याच शब्दांत आणि तिच्याच भाषेत लिहावे. मराठी बोलली तर मराठीत, कन्नड बोलली तर कन्नडमध्ये. आपल्याला ती भाषा नीट येत नसेल, तर जाणणाऱ्या परिचारिकेला बोलवावे. 'नातेवाइकांच्या सांगण्यानुसार' आणि 'रुग्णाच्या सांगण्यानुसार' हे दोन शब्दप्रयोग कधीही एक करू नयेत. जे दिसले, ज्याचा वास आला, तेही लिहावे. मृत्युपूर्व जबानी दंडाधिकाऱ्यांनी घ्यावी, हे उत्तमच; पण ते येईपर्यंत रुग्ण टिकणार नसेल तर डॉक्टरानेही ती घेता येते. रुग्ण शुद्धीवर असल्याचा डॉक्टरचा दाखला नाही एवढ्याच कारणाने जबानी बाद होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या पीठाने २००२ मध्ये महाराष्ट्रातीलच एका प्रकरणात स्पष्ट केले. अत्याचारग्रस्त स्त्रीच्या तपासणीपूर्वी तिची संमती घ्यावी. आणि दोन बोटांची ती अपमानास्पद चाचणी करणारा डॉक्टर गैरवर्तनाचा दोषी ठरेल, हे ऑक्टोबर २०२२ मध्ये न्यायालयाने बजावले आहे, याचे स्मरण ठेवावे.

नात परत कॉलेजला निघाली, तेव्हा तिच्या पिशवीत संकेश्वरी मिरचीचा ठेचा आणि माझी एक जुनी वही होती. वहीच्या पहिल्या पानावर १९७९ मधील त्या मुलीचे एकमेव वाक्य मी लिहून ठेवले आहे, तिच्याच बोलीत. नोंदवहीत ज्याला जागा मिळाली नाही, ते निदान तिथे असावे. नात काही बोलली नाही. बस हायवेला लागल्यावर तिचा फोन आला : "आजोबा, त्यांना बाहेर पाठवायचं, हे मी लक्षात ठेवीन."